फर्नेस बंद पडली तर: आधी काय पाहावं आणि दुरुस्तीला किती पैसे पडतात

मिशिगनमधल्या आमच्या पहिल्याच हिवाळ्यात एका पहाटे थंडीने जाग आली. घरात ५४ अंश फॅरेनहाइट, आणि घर गरम करणारी फर्नेस गप्प. टेक्निशियन आला, बेसमेंटमध्ये दहा मिनिटं होता, पेन्सिलीपेक्षा बारीक एक दांडी घासून परत बसवली आणि १९० डॉलरचं बिल देऊन गेला. त्याने काही गैर केलं नव्हतं. पण मला काय विचारायचं हेही कळत नव्हतं, याची रुखरुख राहिली. मिक्सर, गीझर, पंखा बिघडला की काय झालं असेल याचा आपल्याला लहानपणापासून अंदाज असतो. फर्नेस मात्र आपण इथे आल्यावरच पाहतो.

हा लेख गॅसवर चालणाऱ्या, डक्टमधून गरम हवा पाठवणाऱ्या फर्नेसबद्दल आहे. घर भाड्याचं असेल तर दुरुस्ती घरमालकाकडे असते. त्याला फोन करा आणि लेखी मेसेजही पाठवा.

सगळ्यात आधी: वास आणि अलार्म

सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर पुढचं काहीही करू नका. दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच ९११ ला किंवा गॅस कंपनीच्या आपत्कालीन नंबरला फोन करा.

कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या आपण महाराष्ट्रात वाचलेल्या आहेत, तोच हा वायू. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, तर तो फ्लू समजू नका. झोपायच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर अलार्म हवा. तो साधारण ७ ते १० वर्षांत निकामी होतो. मागे तारीख छापलेली असते, ती आजच पाहून घ्या. आणि फर्नेस बंद आहे म्हणून गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटवून घर गरम करू नका.

पायरी १: फुकटात होणारी तपासणी

थर्मोस्टॅट ‘हीट’वर आहे का आणि त्याच्या बॅटऱ्या संपल्या नाहीत ना, हे पाहा. पंखा ‘ऑन’वर असेल तर तो ‘ऑटो’वर आणा. ‘ऑन’वर बर्नर विझलेले असतानाही हवा येत राहते, ती गार लागते आणि फर्नेस बिघडली असं वाटतं.

मग विजेच्या पॅनेलमधला ब्रेकर पडलेला नाही ना, ते पाहा. शिवाय फर्नेसजवळ किंवा बेसमेंटच्या जिन्यापाशी दिव्याच्या बटणासारखं एक बटण असतं, पुष्कळदा लाल पट्टीचं. दिवा समजून कुणीतरी ते बंद केलेलं असतं. फर्नेसचं पुढचं झाकणही नीट बसलेलं हवं, कारण त्यामागे एक स्विच असतो आणि तो दाबला गेल्याशिवाय मशीन चालू होत नाही.

आता फिल्टर. माझ्या मते निम्म्या त्रासाचं मूळ इथे असतं. फिल्टर धुळीने भरला की हवा खेचली जात नाही, आतली उष्णता आतच साठते आणि लिमिट स्विच बर्नर बंद करतो. फर्नेस चार मिनिटं चालते, थांबते, पुन्हा चालते. एक इंच जाडीचा फिल्टर दर एक ते तीन महिन्यांनी बदला, आपल्याकडे रोज फोडणी होते म्हणून एकच महिना धरा. फिल्टरवरचा बाण फर्नेसच्या दिशेने हवा. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला असंही नाही: मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो याचा आकडा, आणि मर्व्ह १३ चा पातळ फिल्टर काही घरांत हवा अडवतो, ८ ते ११ पुरेसा होतो.

शेवटी बाहेर जा. फर्नेसला भिंतीतून निघणारे पांढरे पीव्हीसी पाइप असतील आणि रात्री बर्फ पडला असेल, तर ते बुजलेले असू शकतात. हाताने बर्फ काढा.

पायरी २: फर्नेस कुठवर जाऊन थांबते ते पाहा

तरीही गरम होत नसेल तर थर्मोस्टॅट पाच अंश वर करा आणि फर्नेससमोर उभे राहा. तिचा क्रम ठरलेला असतो. आधी एक छोटा पंखा घरघरतो, तो आतला धूर बाहेर ओढतो. ती ओढ नीट आहे हे प्रेशर स्विच तपासतो. मग गॅस पेटवणारा इग्नायटर नारिंगी तापतो. गॅस सुटून भप्पकन ज्वाला लागते. ज्वाला खरंच लागली आहे याची खात्री फ्लेम सेन्सर काही सेकंदांत करतो. पाऊण-एक मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होऊन गरम हवा येते. साखळी जिथे तुटते तिथे बिघाड.

काहीच हालचाल नसेल तर वीज, थर्मोस्टॅट किंवा फर्नेसच्या आतल्या कंट्रोल बोर्डावरचा छोटा फ्यूज. छोटा पंखा फिरतो पण इग्नायटर तापत नाही, तर तडकलेला इग्नायटर, किंवा प्रेशर स्विच, किंवा फर्नेसमधलं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत तुंबलेलं पाणी. ज्वाला लागून तीन-चार सेकंदांत विझते, तर बहुतेक वेळा फ्लेम सेन्सरवर चढलेला थर: माझ्याकडे हेच झालं होतं. बर्नर पेटलेले आहेत पण हवा नाही, तर ब्लोअरची मोटर किंवा तिचा कपॅसिटर. पेटताना धडाम आवाज येत असेल तर गॅस उशिरा पेटतोय. लगेच बंद करा आणि टेक्निशियनला बोलवा.

काही प्रयत्न फसले की बोर्ड स्वतःच काही काळ थांबतो. त्यावरचा एलईडी किती वेळा लुकलुकतो ते मोजा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. अर्थ झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला असतो.

फ्लेम सेन्सर घरी साफ करता येतो: वीज आणि गॅस बंद करून, एक स्क्रू काढून, दांडी बारीक स्टील वूलने हलकेच पुसायची. इग्नायटरला मात्र बोट लावू नका, तो फार नाजूक असतो. गॅस व्हॉल्व्ह, बर्नर आणि हीट एक्स्चेंजर (ज्वालेची उष्णता हवेला देणारा धातूचा भाग) यांना कधीच हात घालायचा नाही.

पायरी ३: बिलाचा अंदाज

नुसतं येऊन पाहण्याचे १०० ते २०० डॉलर, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी त्याहून जास्त. पुढचे आकडे अमेरिकेतले, मजुरीसह आणि ढोबळ आहेत. मोठ्या शहरांत चढे धरा.

फ्लेम सेन्सर साफ करणं किंवा बदलणं १०० ते २५०. इग्नायटर, प्रेशर स्विच किंवा कपॅसिटर १५० ते ४००. कंट्रोल बोर्ड ३०० ते ७००. गॅस व्हॉल्व्ह ३०० ते ८००. धूर ओढणारी मोटर ४०० ते १०००. ब्लोअर मोटर ४०० ते १५००, वेग बदलणारी असेल तर वरच्या टोकाला. हीट एक्स्चेंजर १००० ते ३५००. नवी फर्नेस बसवून साधारण ४००० ते ८०००.

सेन्सरचा सुटा भाग १०-३० डॉलरचा असतो, हे कळल्यावर राग येतो. पण पैसे त्या भागाचे नसतात. गाडी, विमा, परवाना आणि कुठला भाग गेलाय हे ओळखण्याचे असतात. म्हणून भागाच्या किमतीवरून घासाघीस करण्यापेक्षा निदान कसं केलं हे विचारणं जास्त उपयोगाचं.

मोठा भाग बदलायचा असेल तर आधी वॉरंटी पाहा. बसवल्यावर ६० ते ९० दिवसांत नोंदणी केली असेल तर बऱ्याच कंपन्या भागांवर १० वर्षं देतात, हीट एक्स्चेंजरवर त्याहूनही जास्त. मजुरी त्यात सहसा नसते.

पायरी ४: दुरुस्ती की नवी?

फर्नेस साधारण १५ ते २० वर्षं चालते. वय पंधराच्या पुढे आणि खर्च नवीच्या निम्म्याजवळ जात असेल तर नवीचा विचार करा. वर्षाला १००० डॉलरचा गॅस जाळणारी ८० टक्के कार्यक्षमतेची फर्नेस काढून ९५ टक्क्यांची बसवली तर सुमारे १५८ डॉलर वाचतात. म्हणजे फक्त बचतीसाठी चालू फर्नेस काढण्यात अर्थ नाही. नवी घेताना घराचा उष्णतेचा हिशेब, ज्याला मॅन्युअल जे म्हणतात, करून मागा. गरजेपेक्षा मोठी फर्नेस सारखी चालू-बंद होते आणि लवकर झिजते.

हीट एक्स्चेंजरला चीर आहे असं सांगितलं तर फर्नेस बंदच ठेवा, कारण चिरेतून कार्बन मोनॉक्साइड घरात येण्याचा धोका खरा असतो. पण चिरेचा फोटो आणि कार्बन मोनॉक्साइडचं रीडिंग मागा, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं मत घ्या. रात्र इलेक्ट्रिक हीटरवर काढता येते. तो थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशनला नाही. सिंकखालची कपाटं उघडी ठेवा आणि नळ थेंब थेंब सोडा, म्हणजे पाइप गोठणार नाहीत. आठ हजारांची सही थंडीने कुडकुडत करू नये.

फोन करताना मॉडेल नंबर हाताशी ठेवा आणि सांगा: “फिल्टर नवा आहे, ब्रेकर ठीक आहे, ज्वाला लागते आणि तीन सेकंदांत विझते, दिवा चार वेळा लुकलुकतो.” येण्याचे पैसे दुरुस्तीत वळते होतात का, रात्रीचा दर काय, हे तेव्हाच विचारा. काम झाल्यावर काढलेला जुना भाग मागून घ्या आणि बिलावर त्याचं नाव लिहून घ्या.