चिऱ्याच्या भिंतीत प्लग फिरतोय, स्क्रू धरत नाही

घर मालवणजवळ, भिंती जांभ्या चिऱ्याच्या, आतून गिलावा. स्वयंपाकघरात डब्यांची फळी लावायची होती. भोक पाडलं की लाल पूड भसाभस गळायची, ८ मिमीच्या भोकाचं १२ मिमी व्हायचं आणि स्क्रू पिळला की भोकातला प्लॅस्टिकचा प्लगही सोबत फिरायचा. मोठा प्लग, लाकडी खुंटी, पांढरं सिमेंट, सगळं करून झालं. फळी दोनदा डब्यांसकट खाली आली. अगदी रडकुंडीला आलो होतो.

चूक होती ड्रिलच्या हॅमर मोडची, म्हणजे फिरता फिरता ठोके देण्याची. जांभा सच्छिद्र, आत पोकळ्या. ठोक्यांनी भोकाच्या कडा ढासळतात. प्लग फुगतो खरा, पण त्याला दाबायला घट्ट काही उरत नाही.

शेवटी टिकलं ते असं. हॅमर मोड बंद ठेवून, चिऱ्याच्या मधोमध (दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात अजिबात नको) आधी ६ मिमी, मग १२ मिमीच्या बिटने ८५ मिमी खोल भोक. ब्रश आणि हवेचा पंप आलटून पालटून, पूड येणं थांबेपर्यंत. इथे घाई केली की सगळं फुकट. मग १२ मिमीची जाळीदार प्लॅस्टिक नळी आत. केमिकल अँकरचा (भोकात भरायचा, घट्ट होणारा दोन भागांचा गोंद) पहिला थोडा लगदा रंग एकसारखा होईपर्यंत टाकून द्यायचा, नंतर नळी तळापासून बाहेरपर्यंत भरायची. ८ मिमीचा आटेदार रॉड हळूहळू फिरवत आत. २४ तास हात लावला नाही. मग ब्रॅकेट, वायसर, नट, पाना बेताने.

रॉड आणि नट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या. खाऱ्या हवेत साधं लोखंड गंजून फुगतं.