शेवंतीवाल्यांनो, खताचं नंतर बघा, आधी टायमर बघा

दिवाळीच्या पुढेमागे पॉलिहाऊसमध्ये कटफ्लॉवर, म्हणजे दांड्यासकट विकायची शेवंती लावताय ना, माघातल्या लग्नतिथी धरून? मग आज रात्री साडेदहाला शेडमध्ये एक चक्कर मारा. खरंच जाऊन बघा, बल्ब लागलेत का.

सांगतो का ते. शेवंती रात्र मोजते. रात्र लांब झाली की तिला वाटतं झालं, आता कळी धरायची. हॉलंडला उन्हाळ्यात दिवस साडेसोळा तासांच्या वर जातो, रात्र आपोआपच छोटी, पण आपल्या पुण्याकडे दिवस जूनमध्ये सुद्धा सव्वातेराच्या आसपास आणि डिसेंबरात जेमतेम ११. म्हणजे आपल्याकडे लागणीच्या पहिल्या रात्रीपासून मधेच उजेड देऊन रात्र तोडावीच लागते, साडेदहा ते अडीच, साधारण ४ आठवडे, दांडा फूटभर होईपर्यंत. नाही तोडली तर अर्ध्या फुटाचं झाड, डोक्यावर कळी, आणि कळीखालची पानं बिनकातऱ्याची, पट्टीसारखी. अशी पानं दिसली की समजा तुमच्या नकळत आठवडाभर तरी अंधार पडलाय.

आणि हे होतं कशामुळे, तर बल्ब चालू-बंद करणाऱ्या त्या स्वस्तातल्या गोल डायलच्या टायमरमुळे. लाईट गेली की तो थांबतो, आली की तिथूनच पुढे चालतो. दिवसा ६ तास लोडशेडिंग म्हणजे टायमर ६ तास मागे, बल्ब लागणार पहाटे साडेचारला. दुसऱ्या दिवशी परत ६ तास, मग सकाळी साडेदहाला लागणार, भर उन्हात ४० बल्ब जळताहेत आणि कुणाला दिसत पण नाही, रात्र मात्र सगळी काळीकुट्ट. गेल्या हंगामात आमच्या शेजारच्या शेडची अख्खी लागण अशीच गेली, आणि तो बिचारा महिनाभर मुळकूज समजून औषधं ओतत होता, दुकानदार देतच होता.

तेव्हा आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या आणि तरीपण रोज संध्याकाळी मोबाईलच्या घड्याळाशी ताडून बघा. रात्रीचीच लाईट जात असेल तर इन्व्हर्टर. २ गुंठ्यांच्या शेडला ९ वॅटचे ४० एलईडी म्हणजे ३६० वॅट, ४ तासांचं जवळपास दीड युनिट, घरच्या बॅटरीला जड जातं. पण सलग लावायची गरज नाही, दर अर्ध्या तासात १० मिनिटं चालू ठेवले तरी भागतं, अर्धा युनिटात काम.

आता ते जांभळे ग्रो लाईट, झाडं वाढवायचे म्हणून विकतात ते दिवे. विकणारे शेडवर येतात, फुल स्पेक्ट्रम काय, फोटो काय, एका पट्टीच्या पैशात आपले साधे बल्ब किती येतील हिशोब करा. अहो, या उजेडानं झाडाला जेवायला घालायचं नाहीये, फक्त उठवायचंय. दुपारचं ऊन १ लाख लक्सपर्यंत जातं (लक्स म्हणजे उजेडाचं माप), इथे शेंड्याजवळ १०० लक्स पुरे. झाड ओळखतं तो मुख्यतः लाल उजेड, तो साध्या पिवळसर एलईडीत असतोच. मोबाईलचं लक्स ॲप साधारण अंदाज देतं, दोन बल्बच्या मधे आणि बेडच्या कडेला शेंड्याच्या उंचीवर फोन उताणा धरा, बल्बखाली नको, तिथे भरपूरच येणार. सगळ्यात कमी आकडा जिथे, तिथला धरा.

शेंडा खुडणं: लागणीनंतर साधारण २ आठवड्यांनी, ५-६ पानं ठेवून वरचा कोवळा २-३ सेंटीमीटर चिमटीत मोडा. काडकन मोडला पाहिजे, लोंबला तर उशीर झाला. खालून फुटवे ३ ठेवा, बाकी काढा. मी ढगाळ दिवशी खुडत नाही, जखम ओली राहते असं वाटतं, पुस्तकात असेल नसेल. खुडल्यावरसुद्धा बल्ब चालूच, बरेच जण इथेच बंद करतात आणि फुटवे आखूड राहतात.

बाकीची कामं:
दांड्यांना आधाराची जाळी झाडाबरोबर वर सरकवणे
स्प्रे जातीत (एका दांड्यावर फुलांचा झुपका येणाऱ्या) मधली कळी काढणे, मोठ्या एका फुलाच्या जातीत बाजूच्या
१९:१९:१९ या विरघळणाऱ्या खताची फवारणी, लिटरला ५ ग्रॅम
मावा, फुलकिडे दिसताच निंबोळी अर्क ५ टक्के
पाणी सकाळीच, पानं रात्री ओली नकोत, पांढरा तांबेरा येतो

दांडा पुरेसा झाला की बल्ब बंद, तिथून ८ ते १० आठवड्यांत फूल, जात बघून. तेव्हा उलटी गंमत होते, आता अंधार पूर्ण हवा. आमच्या लेबरच्या खोलीचा एक बल्ब रात्रभर चालू राहायचा, त्याच्या उजेडातली ओळ हिरवीगार, कळीच नाही, दोन आठवडे मागे पडली. मोटरच्या खोलीचा दिवा, रस्त्याचा खांब, तेही बघून घ्या.

माझ्या मोबाईलला १०:४० चा अलार्म आहे, घरचे वैतागतात. ओट्यावरून शेड दिसतं, उजेड दिसला की झोपतो.