जुन्या प्लेस्टेशनची लेझर बदलण्यापूर्वी

मामेभावाने दिलेल्या पहिल्या पिढीच्या प्लेस्टेशनवर खेळ सुरू होत असे. मात्र मधल्या चित्रफिती लागल्या, की आवाज तुटत असे आणि यंत्र उलटे ठेवले, तरच त्या पुढे सरकत. एका दुरुस्तीच्या दुकानात ‘लेझर गेली’, म्हणजे चकती वाचणारा भाग खराब झाला, असे सांगण्यात आले, पण मी आधी यंत्र पालथे करून मॉडेल क्रमांक वाचला: एससीपीएच-१००२. मागे पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन स्वतंत्र सॉकेटे होती, म्हणजे यंत्र सुरुवातीच्याच आवृत्तीचे होते.

या आवृत्तीत लेझर वीजपुरवठ्याच्या पट्टीला खेटून बसवलेली असते आणि तिचा प्लास्टिकचा सरकता भाग प्लास्टिकवरच घासतो, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या घर्षणाने व उष्णतेने तो झिजतो आणि भिंग किंचित कलते. पुढील आवृत्त्यांत लेझर वीजपुरवठ्यापासून दूर नेली गेली, म्हणून जुने यंत्र विकत घेताना क्रमांक अवश्य पाहावा.

वीजजोडणी काढून मी झाकण उघडले. लेझर ज्यावर सरकते त्या रुळावरचे ग्रीस काळपट, चिकट झाले होते. ते कापसाच्या काडीने पुसून प्लास्टिकला चालणारे सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावले आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिंग हलक्या हाताने स्वच्छ केले. लेझरची शक्ती वाढवणारा छोटा स्क्रू मात्र मी मुद्दाम फिरवला नाही, कारण तात्पुरत्या सुधारणेसाठी लेझरचा प्रकाश देणाऱ्या डायोडचे आयुष्य घटवणे मला पटत नाही. आता चित्रफिती सरळ ठेवलेल्या यंत्रावर अखंड चालतात.