क्लाउड सर्व्हरचा डेटा कसा जपावा: स्नॅपशॉट आणि बॅकअप

सर्व्हर क्लाउडवर असला तरी शेवटी तो कुठल्यातरी इमारतीतल्या यंत्रावरच चालतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथं ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते, त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा परत आला नाही.

स्नॅपशॉट म्हणजे डिस्क एका विशिष्ट क्षणी जशी होती तशी टिपून ठेवणं. तो झटपट होतो, पण सहसा त्याच कंपनीकडे, त्याच खात्यात राहतो. मूळ सर्व्हर, खातं, सगळंच गेलं तरी हाती उरते ती प्रत म्हणजे बॅकअप. दोन्ही हवेत.

१. काय जपायचं ते लिहून काढा. डेटाबेस, लोकांनी अपलोड केलेल्या फाइली, कॉन्फिगरेशन (सेटिंगच्या फाइली), क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं. डेटा वेगळ्या जोडलेल्या व्हॉल्यूमवर (जादा डिस्कवर) असेल तर तीही सर्व्हरच्या स्नॅपशॉटमध्ये येते का, ते बघा. काही सेवांमध्ये ती येत नाही.

२. मोठ्या बदलाआधी स्नॅपशॉट घ्या. नावात तारीख आणि कारण घाला. काम नीट झालं की काही दिवसांनी तो काढून टाका, कारण साठवणुकीचे पैसे लागत राहतात.

३. डेटाबेसचा डंप, म्हणजे त्यातला सगळा डेटा फाइलीत उतरवलेली प्रत, वेगळा घ्या. चालू डेटाबेसचा नुसता स्नॅपशॉट म्हणजे अचानक वीज गेल्यावर डिस्कवर जे उरेल ते. मेमरीतलं त्यात नसतं. बहुतेक वेळा डेटाबेस त्यातून सावरतो, पण मी त्यावर विसंबणार नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसचा पीजी-डंप हा प्रोग्रॅम सुसंगत, म्हणजे एकाच क्षणाची प्रत देतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये, टेबलं इनोडीबी प्रकारची असतील तर, डंप घेताना सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय लावा.

४. वेळापत्रक लावा. किती तासांचं काम गेलं तर चालेल, हे आधी ठरवा. साध्या साइटला रोज एक असे शेवटचे ७ आणि दर आठवड्याला एक असे शेवटचे ४ बॅकअप ठेवले तरी पुरतात. सतत व्यवहार होत असतील तर दर तासाला घ्या.

५. एक प्रत दुसऱ्या खात्यात ठेवा. ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाउड खात्यात हल्लेखोर शिरला. त्यानं सर्व्हरबरोबर स्नॅपशॉट आणि बॅकअपही पुसले, आणि कंपनी बंद पडली. म्हणून दुसरं खातं, शक्य तर दुसरी कंपनी आणि दुसरा प्रदेश. दोन्ही खात्यांना द्विस्तरीय पडताळणी लावा. सर्व्हरला तिथं नवी फाइल टाकता यावी, जुनी पुसता येऊ नये, अशी परवानगी द्या. प्रत एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय ती वाचता येणार नाही, आणि तिची किल्ली फक्त त्याच सर्व्हरवर ठेवू नका.

६. परत उभं करून बघा. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या मुख्य डेटाबेसचा डेटा चुकून पुसला गेला. पीजी-डंपची आवृत्ती जुळत नसल्यानं रोजचा बॅकअप होतच नव्हता, आणि तसं कळवणारे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. सुमारे ६ तास आधी कुणीतरी हातानं घेतलेला स्नॅपशॉट कामी आला.

तेव्हा दर तीन महिन्यांनी एक रिकामा सर्व्हर घ्या आणि दुसऱ्या खात्यातली प्रत त्यावर चढवा. लॉगिन होतंय का, शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे, फाइली उघडतात का, ते बघा. किती वेळ लागला तो टिपून ठेवा आणि चाचणीचा सर्व्हर लगेच काढून टाका. त्यावर तुमचा खरा डेटा आहे.