मण्यांचा पट्टा वाकडा का होतो? पेयोट विणताना या चुका टाळा

पेयोट या मणीकामातल्या विणीचा पहिला पट्टा विणायला घेतलेल्या जवळपास प्रत्येकीकडून मला एकच फोटो येतो. सुरुवातीची दोन बोटं वीण सरळ, मग एक कड आत ओढलेली, आणि शेवटाला पट्ट्याची पन्हळ झालेली. फोटोवर लाल गोल काढून विचारलेलं असतं, "ताई, इथे काय चुकलं?"

त्या गोलात बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं. चूक चार ओळी मागे असते, नाहीतर सुई हातात घेण्याआधी मणी निवडताना झालेली असते. मणीकामात बिघाड दिसतो एकीकडे आणि सुरू झालेला असतो दुसरीकडेच. ही गोष्ट लक्षात आली नाही तर माणूस तीच तीन ओळींची वीण पाच वेळा उसवतो आणि शेवटी डबा कपाटात टाकून देतो. असे डबे मी खूप पाहिलेत, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण हात चांगलाच असतो.

पेयोट म्हणजे भिंतीतल्या विटांसारखी, अर्ध्याअर्ध्याने सरकलेली वीण. एक मणी उचलायचा, विणीतला एक सोडायचा, पुढच्यातून सुई काढायची. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, पेयोट नावाच्या निवडुंगाच्या विधींतल्या वस्तूंवर ही वीण असायची, त्यावरून हे नाव पडलं. खाली लिहिलंय ते सम संख्येच्या पट्ट्याबद्दल, म्हणजे रुंदीत १०, १२, १४ असे मणी. विषम संख्येत प्रत्येक दुसऱ्या ओळीच्या शेवटी दोरा आठाच्या आकड्यासारखा फिरवून वळावं लागतं. पहिल्याच कामाला ते घेऊ नका.

मणी: अर्धे घोटाळे इथेच

घरात तोरणाचे उरलेले मणी असतात, मंगळसूत्र नव्याने ओवताना शिल्लक राहिलेली काळी पोत असते. "यावरच हात बसवते" असं म्हणून सुरुवात होते, आणि पट्टा हमखास वाकडा होतो. पोत वाईट नाही. सरात ओवली की तिच्या लहानमोठेपणातच सौंदर्य असतं, जाळीच्या विणीतही ती छान बसते. पण पेयोटमध्ये प्रत्येक मणी शेजारच्या दोघांच्या खाचेत बसायचा असतो. त्यातला एक जाड निघाला की ती बाजू लांबते, बारीक निघाला की आखडते. दहा ओळींत असे सातआठ मणी एकाच कडेला आले, की पट्टा कोयरीसारखा वळतो.

शिकायला जपानी मणी घ्या. हिरोशिमा प्रांतातल्या मियुकी आणि तोहो यांचे मणी मापाला पक्के असतात. मियुकीचा डेलिका हा नळीच्या बारीक तुकड्यासारखा मणी तर पेयोटसाठीच आहे असं वाटावं इतका नेमका बसतो. चेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्स भागातले मणी थोडे चपटे गोल असतात. सुंदर असतात, पण निवडावे लागतात.

मण्याचा नंबर जितका मोठा तितका मणी बारीक. १५ नंबर सुमारे दीड मिलिमीटर, ११ नंबर दोनच्या थोडा वर, ८ नंबर तीनच्या आसपास. हा हिशोब उलटा असल्याने मागवताना चुका होतात. दुसरी चूक म्हणजे कमी मागवणं. ११ नंबरचा डेलिका सुमारे १.६ मिलिमीटर जाड आणि १.३ मिलिमीटर लांब असतो. १० मण्यांचा पट्टा १३ मिलिमीटर रुंद होतो. १६ सेंटिमीटर लांबीला एका उभ्या रांगेत १०० मणी, म्हणजे एकूण १०००. ग्रॅमला साधारण २०० मणी धरले तर ५ ग्रॅम. मी ७ मागवते. निवडताना काही बाद होतात, आणि दुसऱ्या खेपेला आलेल्या त्याच रंगाच्या पुडीची छटा थोडी वेगळी निघू शकते. अर्ध्या पट्ट्यावर तो फरक आला की झाकता येत नाही.

निवडणं म्हणजे तांदूळ निवडण्यासारखंच. ताटात जुन्या फ्लॅनेलचा तुकडा पसरा, त्यावर मणी ओता. नुसत्या स्टीलच्या ताटात ते पळतात. बुजलेल्या भोकाचे, एका बाजूने निमुळते, फार बारीक, फार जाड असे वेगळे काढा. टाकू मात्र नका. निमुळते मणी गोलाकार कामात वळणावर उपयोगी पडतात.

दोरा आणि सुई

माझ्या आईने तंगूस वापरून दारावरचं तोरण केलं होतं, वीस वर्षं टिकलं. त्यामुळे मीही पहिला पट्टा तंगुसावरच विणला. तोरणाच्या मण्यांची भोकं मोठी, वीण दोन टोकांची, आणि तोरणाला लवायचं नसतं. पट्ट्यात मात्र तंगूस प्रत्येक वळणावर स्प्रिंगसारखा उलटा उसळतो, वीण सैल पडते, आणि गाठ मारून वळलं की तोवर सुटलेली असते. तीच गत शिवणाच्या सुती दोऱ्याची, फक्त वेगळ्या कारणाने. काचेच्या कडेवर घासून तो पिंजतो आणि घामाने कुजतो.

मणीकामासाठीचा नायलॉन दोरा घ्या. वापरण्याआधी तो दोन्ही हातांत धरून ताणा, म्हणजे त्याचा गुंडाळीचा बाक मोडतो आणि पुढे पट्टा घालून घालून तो लांबत नाही. मग मेणावरून एकदोनदा ओढा. दागिने ओवणाऱ्या पटवेकऱ्यांकडे ही पद्धत फार जुनी आहे. फायरलाइन हा मुळात मासेमारीचा दोरा, अजिबात न ताणणारा, धारदार मण्यांना उत्तम. त्याचा करडा रंग मात्र सुरुवातीला बोटांना लागतो आणि फिक्या मण्यांत डोकावतो.

दोरा एका वेळी एक वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्याइतका, जास्त नाही. "मधे जोड नको" म्हणून तीन वाव घेतला की तो गुंततो, आणि शंभर मण्यांतून घासत गेलेलं शेपूट झिजून तिथेच तुटतं. जोडाची भीती बाळगू नका, जोड दिसत नाही.

सुई १० नंबरची ११ नंबरच्या गोल मण्याला चालते. डेलिका आणि १५ नंबरला १२ घ्या. सुई वाकली तर बिघडलं असं नाही. माझ्या सगळ्या सुया वाकड्या आहेत आणि त्याच हाताला बऱ्या वाटतात.

पहिल्या तीन ओळी

इथे सगळ्यात जास्त जणी हार मानतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

आधी एक वेगळ्या रंगाचा मणी दोऱ्यात घालून त्यातून सुई पुन्हा एकदा काढा. हा अडवणीचा मणी. काम झालं की निघून जातो. त्यामागे वीतभर दोरा मोकळा ठेवा. हाच दोरा नंतर फासा शिवायला लागतो. तो आखूड ठेवला की शेवटी पस्तावायची पाळी येते.

आता १० मणी ओवले, तर ती एक ओळ नाही. त्या पहिल्या दोन ओळी आहेत. तिसरी ओळ सुरू झाली की हेच मणी एक वर, एक खाली असे सरकतात. हे माहीत नसेल तर "माझ्या मण्यांनी जागा सोडली" असं वाटतं आणि विणणारी ते ओढून सरळ करायला जाते. ओढायचं नाही. मण्यांनी सरकायलाच हवं.

चुकू नये म्हणून या १० मण्यांत दोन रंग आलटूनपालटून घ्या, लाल-पांढरा, लाल-पांढरा, शेवट पांढऱ्यावर. अकरावा मणी तिसऱ्या रंगाचा. तो उचलून शेवटचा पांढरा सोडा आणि त्याच्या आधीच्या लालमधून सुई काढा. या ओळीत सुई फक्त लालमधूनच जाणार. पांढऱ्यात शिरली की तिथल्या तिथे कळतं. ओळीत पाचच मणी वाढतात, हेही मोजा. ओळ संपली की शेपटाचा दोरा आणि कामाचा दोरा दोन्ही हलके ताणून नखाने मणी बसवा. पिळ पडला असेल तर तो आत्ताच सोडवा, चौथ्या ओळीनंतर सुटत नाही.

पुढे ओळी मोजायच्या तर डाव्या कडेचे मणी अधिक उजव्या कडेचे मणी. दोन्हींत एकापेक्षा जास्त फरक आला, तर कडेला कुठेतरी वळताना मणी घ्यायचा राहिलाय. कड आत ओढली जाते ती यामुळेच. फोटोतला लाल गोल नेहमी सर्वांत आखडलेल्या जागेवर असतो. त्याच्या खाली चारपाच ओळी पाहा, कडेवर दोन मण्यांमध्ये उघडा दोरा दिसेल.

उसवायचं कसं

सुई उलटी फिरवून आल्या वाटेने परत नेऊ नका. हे मला कोणी सांगितलं असतं तर माझा एक आख्खा पट्टा वाचला असता. सुईचं टोक मण्याच्या आत दोऱ्याच्या पेडांतून आरपार जातं, मग दोरा पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. आधी सुई दोऱ्यातून काढून घ्या. मग तिचं नेढं दोऱ्याखाली घालून एकेक टाका उपसा. ओळभर उसवायला दोन मिनिटं लागतात.

एखादा मणी चुकून जास्त आला आणि ते वीस ओळींनंतर दिसलं, तर तो फोडता येतो. त्याच्या भोकात जाड सुई किंवा टाचणी घाला, म्हणजे दोऱ्याला आडोसा होतो, आणि चपट्या पकडीने मणी दाबा. चष्मा लावा, वरून कापड धरा, काचेचा कण कुठेही उडतो. पकड थेट मण्यावर दाबली तर मण्याबरोबर दोराही कापला जातो. आणि राहून गेलेला मणी नंतर घालता येत नाही. तिथे उसवणं एवढाच इलाज.

अडकलेली सुई पकडीने ओढणं ही हातघाईची चूक. भोकातून आधीच तीनचार वेळा दोरा गेलेला असतो, ओढलं की मणी विणीच्या मधोमध फुटतो. सुई मागे घ्या, आणखी बारीक, १३ नंबरची सुई लावा, तरी जात नसेल तर शेजारच्या मण्यातून वाट काढा.

ओढ

पट्टा पन्हळीसारखा वळतो तो जास्त ओढीमुळे, विणीत दोरा दिसतो तो कमी ओढीमुळे. दोन्हींपेक्षा त्रासदायक असते ती बदलती ओढ. सकाळी शांतपणे विणलेल्या आणि रात्री घाईत विणलेल्या ओळी शेजारी ठेवल्या की फरक ओळखू येतो. दोरा डाव्या हाताच्या करंगळीवरून घ्या, आणि प्रत्येक मण्याला ओढून बसवा, ओळीच्या शेवटी एकदाच खेचू नका. हातात धरल्यावर पट्टा बोटावरून आपोआप लवला पाहिजे. कानातल्यांसाठी मात्र कडक वीणच हवी.

कानातली करायची तर विटांच्या टाक्याकडे (ब्रिक स्टिच) वळा. आडवा धरला तर तो पेयोटसारखाच दिसतो, पण त्यात सुई मण्यातून न जाता खालच्या ओळीतल्या दोऱ्याच्या पुलाखालून जाते. ओळ सुरू करताना एकच मणी घेतला तर कडेला दोरा उघडा राहतो, म्हणून सुरुवात नेहमी दोन मण्यांनी करायची. चार मण्यांच्या चौकटींच्या विणीत एकच पथ्य: एक चौकट डावीकडून फिरवली तर पुढची उजवीकडून. कोपरा ओलांडून सरळ गेलात की चौकातून दोऱ्याची रेघ दिसते. लांब नळीचे मणी घेतलेत तर त्यांच्या दोन्ही टोकांना एकेक गोल मणी घाला. नळीची कापलेली कड दोरा कापते.

रंग जाणं

भाचीच्या डोहाळजेवणासाठी मी सोनेरी मण्यांची चिंचपेटी विणली होती, तीन आठवडे लागले. दुपारभर मे महिन्याच्या उकाड्यात ती घातली, आणि गळ्याला लागणारे मणी संध्याकाळी राखाडी झाले होते. तिने काही म्हटलं नाही, मला मात्र आजही ते मणी डोळ्यासमोर येतात.

तेव्हापासून नवीन पुडीतले पाचसहा मणी आधी तपासते. दोनतीन पांढऱ्या कापडावर नेलपॉलिश रिमूव्हर टाकून चोळते, दोनतीन पंधरा दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवते. वरून रंगवलेले गुलाबी-जांभळे आणि स्वस्त सोनेरी मणी यात लगेच पकडले जातात. मियुकीचे ड्युराकोट, म्हणजे टिकाऊ लेपाचे, सोनेरी मणी महाग आहेत, पण गळ्याला लागणाऱ्या दागिन्याला तेच वापरा. ज्या काचेतच रंग मुरलेला असतो ते मणी धुतले तरी तसेच राहतात.

टोकं आणि फासा

दोरा वीतभर उरला की थांबा. तो विणीतून तिरका न्या, दोन मण्यांच्या मधल्या दोऱ्याला अर्धी गाठ मारा, तीनचार मणी पुढे जा, दिशा बदला, पुन्हा गाठ. अशा दोनतीन गाठी पुरतात. गाठ मण्याच्या आत ओढू नका, भोक बुजतं आणि पुढे सुई अडकते. टोक मेणबत्तीने जाळू नका. वितळलेल्या नायलॉनची काळी गुठळी होते, ती मनगटाला टोचते आणि शेजारचा मणी काळवंडतो.

मनगट मोजून त्यात दीड सेंटिमीटर मिळवा, त्यातून फाशाची लांबी वजा करा, तेवढाच पट्टा विणा. फाशाच्या कडीतून दोरा पाचसहा वेळा फिरला पाहिजे. कडीच्या सांध्याची फट जिथे आहे तिथे दोरा येऊ देऊ नका, त्या धातूच्या कडेवर तो महिनाभरात कापला जातो. फट नसलेली, डाक दिलेली कडी मागा. ती मिळाली नाही, तर टोकाला ८ नंबरचे तीनचार मणी घट्ट शिवून गुंडी करा आणि समोर मण्यांचाच फासा. गुंडी त्यातून अडखळत, जरा जोर लावून जाईल एवढाच तो ठेवा, कारण नवा फासा आठवड्याभरात एका मण्याएवढा सैल होतो.