चाळिशीनंतर पुन्हा बाईक घेताय? या चुका टाळा

मुलं कॉलेजात गेली, घराचे हप्ते संपत आले की जुनी हौस डोकं वर काढते आणि माणूस थेट शोरूम गाठतो. तिथे तो सीसी विचारतो, पॉवर विचारतो. वजन विचारत नाही. खरी चूक तीच.

पुढचं नेहमी असं घडतं. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० वर बसून पाहिलं, पाय टेकले, पैसे भरले. गाडी १९५ किलोची, सीट ८०५ मिलिमीटर उंच. पहिल्याच रविवारी नागपूरच्या आउटर रिंग रोडच्या कडेला चहा होतो आणि परत फिरायला यू-टर्न घेतला जातो. सिमेंट रस्त्याची कड संपली की खाली सुटा मुरूम. हँडल पूर्ण वळलेलं असताना समोर ट्रक दिसतो आणि बोटं पुढचा ब्रेक आवळतात. वळलेल्या चाकाला ब्रेक लागला की गाडी आतल्या बाजूला कोसळते. टेकवलेला पाय मुरमावरून सरकतो. वेग जवळपास शून्य, तरी घोटा गाडीखाली. पंचविशीत हिसका देऊन सावरलेलं वजन आता कंबर पेलत नाही. गाडी फार कलली तर धरून ठेवू नका, सोडून बाजूला व्हा.

म्हणून पैसे भरण्याआधी रोजचे बूट घालून, इंजिन बंद ठेवून, गाडी बसल्या जागेवरून पायांनी दहा फूट मागे ढकला. मग उतरून हाताने एक पूर्ण गोल फिरवा. यातच धाप लागली तर ती गाडी तुमच्यासाठी नाही. ‘सवय होईल’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. पहिलं वर्ष १५०-१६० किलोची गाडी बरी: पल्सर १५०, फार तर टीव्हीएसची रोनिन. रॉयल एनफिल्डची ३५० च हवी असेल तर हंटर १८१ किलोची आहे, आणि मिटिऑरची सीट ७६५ मिलिमीटर.

गाडी आली की सुट्टीच्या सकाळी रिकामं मैदान शोधा. दोन बाटल्या ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढा: पहिला गिअर, हाफ क्लच, मागचा ब्रेक हलका, पुढच्याला हात नाही, नजर जायचं तिकडे. एका बाजूचं वळण नेहमी कच्चं असतं, त्यावर जास्त वेळ द्या. लडाखचे व्हिडिओ पाहून आधी जॅकेट आणि बॅगा घेणारे नेमका हाच तास टाळतात.

पायांची जुनी सवयही दगा देते. स्प्लेंडरला चारही गिअर पुढे दाबून पडायचे. आताच्या बहुतेक गाड्यांत पहिला खाली, बाकी वर. पळत्या गाडीत पाय सवयीने खाली दाबला की गिअर उतरतो आणि मागचं चाक घसटतं. जुन्या बुलेटवर शिकलेल्यांना धोका जास्त, कारण त्यांचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्यात होता. घाबरल्यावर डावा पायच ब्रेक शोधतो.

ड्रम ब्रेकच्या काळातले लोक फक्त मागचा ब्रेक दाबतात. गाडी थांबवतो मुख्यतः पुढचा. सरळ रस्त्यावर ३० च्या वेगात दोन्ही एकत्र, हळूहळू दाब वाढवत लावून बघा. एबीएस म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. सिंगल चॅनेल एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतो, मागचं चाक लॉक होणं तो थांबवत नाही, हे विकणारा सांगत नाही.

टेस्ट राइड डिसेंबरच्या गारव्यात नको. मेमधल्या दुपारी सीताबर्डीच्या सिग्नलला इंजिनाची झळ मांडीला किती लागते, ते बघूनच ठरवा.

आठवणीपोटी यामाहाची जुनी आरएक्स १०० घेणार असाल तर आधी चेसिस नंबर आरसीशी जुळवा आणि १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण झालंय का ते बघा. टायरवरचे चार आकडे वाचा: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. असा टायर नक्षी शाबूत असली तरी बदला.

समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही. सुरुवातीला रामटेक पुरे.

आणि लायसन्स काढून तारीख बघा. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर आरटीओत पुन्हा चाचणी द्यावी लागते, शिवाय चाळिशीनंतर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. गाडी बुक करायच्या आधी हे उरका.