शृंगारकथा लिहिताय? वाचक आधी ठरवा

‘अठरा वर्षांवरचे सगळे’ हा वाचकवर्ग नव्हे, ती पाळायचीच अट आहे. पात्रंही सज्ञानच हवीत, तिथे तडजोड नाही. त्यापुढे एकच माणूस डोळ्यांसमोर आणा.

माझी वाचक वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या खेड्यातली, पस्तिशीतली बाई आहे. दिवसभर वावरात कापूस वेचते आणि सासू-लेकरं निजली की फोनचा उजेड कमी करून वाचते. तो फोन घरात सगळेच हाताळतात. म्हणून माझ्या कथेचं नाव साधं असतं, वर चित्र नसतं आणि भाग छोटा असतो.

खरी गोम पुढे आहे. कथा टाकली की मेसेज येतात, बहुतेक पुरुषांचे: ‘लवकर मुद्द्यावर या’, ‘अजून उघड लिहा’. तेच आपले वाचक वाटतात. मलाही वाटले. त्यांच्या मागणीवर लिहीत गेले तशी ओढ गेली, नायिकेचं मन गेलं, उरली नुसती अंगांची कवायत. मेसेज वाढले, पण शेवटच्या भागापर्यंत येणारे कमी झाले. ज्या सोडून गेल्या त्यांनी अवाक्षर कळवलं नाही. खेड्यातली बाई अशा कथेखाली स्वतःच्या नावाने दाद देणार तरी कशी? म्हणून प्रतिक्रिया मोजू नका. पहिला भाग किती जणांनी उघडला आणि पाचवा किती जणांनी, हे आकडे शेजारी ठेवा. गळती जिथे लागली तो भाग पुन्हा वाचा. तिथे तुम्ही कोणाचं ऐकलंत ते कळेल.

‘हमखास चालणारा फॉर्म्युला’ विकणाऱ्या गुरूंना पैसे देऊ नका. हिंदीतल्या दीर-भावजयीच्या गोष्टी मराठीत उतरवणं तर सोडाच. त्यापेक्षा हाल राजाची ‘गाथासप्तशती’, म्हणजे जुन्या प्राकृत कवितांचा संग्रह, वाचा. गावातल्या बायांची ओढ, रुसवा, चोरून भेटणं, सगळं आहे त्यात.

कायदा हलक्यात घेऊ नका. अश्लील मजकूर ऑनलाइन टाकल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 खाली पहिल्याच गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण घाबरून लिहिणं सोडू नका. लेखक चंद्रकांत काकोडकरांच्या दिवाळी अंकातल्या कथेवरचा अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1969 मध्ये ते सुटले. लिखाण कोणत्या वाचकांच्या हाती पडतं, हा प्रश्न तिथेही होताच.

आणि बोली लपवू नका. नवरा दाराशी येऊन हळूच ‘झोपली काय वं?’ म्हणतो, तेवढ्याने माझी वाचक पुढचा भाग उघडते.